शास्त्राचं कोरं पान

नगरहून निघालो तेव्हा पिशवीत लेकीचे दोन फ्रॉक होते. नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षं. करुणा चार वर्षांची होती. अनाथाश्रमातून तिला आम्ही घरी आणलं त्याला दोन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा झालेल्या लेकराचं नाव जुन्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर चढतं. थोरल्यानं ते लिहायचं आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा. ते शास्त्र मोठेबाबांकडे (वडिलांचे थोरले भाऊ), वारंगा फाट्याजवळच्या गावात. करुणाचं नाव चढवा म्हणून मी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी म्हटलं, समोर जाऊन उभंच राहू.

वसमतला एसटी बदलली. बाजारातल्या हळदीनं करुणाला शिंकांवर शिंका. शेजारी बसलेल्या टोपीवाल्या चाचांनी तिला केळं सोलून दिलं आणि विचारलं, "लेकरू कोणावर गेलं?"

"आईवर," मी ठोकून दिलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायला जीभ रेटली नाही याची जास्त लाज वाटली.

फाट्यावर गरम खिचडी खाल्ली. करुणाच्या दाताखाली मिरची आली आणि तिनं हॉटेल डोक्यावर घेतलं. मालकानं गुळाचा खडा दिला तेव्हा कुठे शांतता झाली. तिथून गावापर्यंत चालत गेलो.

मोठेबाबा ओसरीवर होते. मी सलाम केला. त्यांनी करुणाला न्याहाळलं आणि आतून शास्त्र आणलं. आता रक्ताच्या नावांचं पान दाखवून परत पाठवणार, असं मी धरून चाललो. पण त्यांनी मत्तयाचा पहिला अध्याय उघडून मला मोठ्यानं वाचायला लावला. येशूची ती वंशावळ आम्ही सगळे नेहमी गाळूनच पुढे जातो. अब्राहामापासून एकेक नाव अडखळत वाचत मी येशूला आपला म्हणून वाढवणाऱ्या योसेफापाशी आलो.

"हितं थांब. या योसेफाचं रगत येशूत व्हतं का?"

"नाही."

"मंग इतक्या पिढ्या त्याच्याच दारात काहून (का) आणून सोडल्या?"

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुझ्या पयल्या पत्राला मी न्हाईच म्हणणार व्हतो. तसं लिवलं बी, पर टाकलं न्हाई. तवापासून हेच वाचून राहिलो."

मग चष्मा पुसून त्यांनी माझ्या नावाखाली 'करुणा' लिहिलं. अक्षरं ओळीखाली घसरली. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला, तेव्हा मी सरळ रडलो. करुणा चिकट हातानं त्यांची दाढी ओढत होती.

परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. वंश पोटातून चालतो असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो कुणीतरी हात पुढे केल्यानंही चालतो. लेकरू कोणावर गेलं, हे नगरपर्यंत कुणीच विचारलं नाही. कुणीतरी विचारावं, असं मात्र मला वाटेभर वाटत राहिलं.