आबांची पाणमांजरं

माझं माहेर हर्णेचं. तिथे मासा म्हणजे संध्याकाळी बंदरावर लिलावात उभं राहायचं, घ्यायचा नि घरी यायचं. लग्न होऊन अलोऱ्याजवळच्या या गावात आले, तर सासरे, म्हणजे आबा, सकाळभर नदीवर गरी टाकून बसायचे आणि वीतभर शिंगटी घेऊन यायचे. मला हसू यायचं. एवढ्याशा माशासाठी एवढा कुटाणा कशाला? पण तोंडावर कधी बोलले नाही. सासूबाई गेल्यावर तर त्यांना दुसरं होतं तरी काय?

नवरा मुंबईला कामाला, मुलगी शिकायला तिकडेच. घरात मी आणि आबा. गेल्या हिवाळ्यात आबा रिकाम्या हाताने यायला लागले. मासे गरीला लागतात, म्हणाले, पण पाणमांजरं नेतात. मासा ताजा राहावा म्हणून ते कल्ल्यातून दोरी ओवून तो पाण्यातच बांधून ठेवत, आणि दोरी रिकामी होई. तीन आहेत, उभी राहून माझ्याकडे बघतात, असंही सांगायचे. वाडीत कोणी कितीतरी वर्षांत पाणमांजर बघितलेलं नव्हतं, तेव्हा सगळे हसले. त्यात आबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेही दोनदा. आणि मी शहाणी, फोनवर नवऱ्याला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं.

त्याला त्यात गंमत दिसली नाही. आबांना भास होतात, त्यांना डोंबिवलीला आणायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं. आबा ऐकेनात. शेवटी असं ठरलं, की मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन बघायचं. पाणमांजरं असली तर आबा इथे राहतील, नसली तर तो येऊन घेऊन जाईल. म्हणजे बापलेकांचं भांडण नि न्यायाला मी.

दोन सकाळी काहीच दिसलं नाही. तिसऱ्या सकाळी ते पात्रातल्या त्यांच्या नेहमीच्या कातळावर बसले, मी काठावर. अंगावर ऊन आलं, डोळे मिटायला लागले. तेवढ्यात पलीकडच्या झाडाच्या मुळांतून एक काळपट डोकं वर आलं, मागोमाग आणखी दोन. खरंच तीन! एक दोरीपाशी आलं, मासा ओढून घेतला आणि डोकं वर काढून, पुढच्या पायांत धरून कराकरा खायला लागलं. बाकीची दोघं त्याच्याभोवती शीळ घालत होती, चांगली कानात घुसेल अशी. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

आबा वळून हसले. म्हणाले, “बघितलंस? बिचारी मुकी हायत, आवाज म्हणून नाय.”

शीळ तर अजून चालूच होती.

आमच्या नदीला वरच्या वीजघरातून पाणी सुटतं. ते हळूहळू चढतं. गरवणाऱ्यांना ते कानांनी कळतं. दगडांवरचा खळखळाट दबला की दोरी गुंडाळायची नि काठ गाठायचा. त्या वेळी खळखळाट कधीचा दबला होता. पाणी कातळावर आलं होतं, आबांचे पाय घोट्यापर्यंत बुडाले होते, आणि ते पाणमांजरांकडे बघत बसले होते. मी हाका मारल्या. मग तशीच साडीनिशी पाण्यात शिरले नि दंडाला धरून त्यांना ओढून काढलं. काठावर आल्यावर त्यांनी मागे बघितलं. कातळ दिसत नव्हता.

घरी येताना मीच त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, की पाणमांजरं दिसली एवढंच फोनवर सांगू, पाण्याचं राहू दे. उद्यापासून मी येईन बरोबर.

“नाय बाय,” आबा म्हणाले. “एक खरं सांगायचं नि एक लपवायचं, मग खऱ्यावर तरी कोण इश्वास ठेवील? पाणमांजरांचा तू सांग. पाण्याचा मी सांगतो.”

संध्याकाळी मी नवऱ्याला पाणमांजरांचं सगळं सांगितलं, शिळेसकट. तो खूश झाला. म्हणाला, मग राहू देत आबा तिथेच. तेव्हा आबांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाण्याचं सांगितलं, काहीही कमी न करता, आणि म्हणाले, “कान गेले माझे. येतो मी तुझ्याकडे. पण म्हातारा झालो म्हणून येतो. येडा झालो म्हणून नाय.”

नवरा तिकडून बोलायला लागला, पण आबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना ऐकू येणार नव्हतंच.