पत्र्यातल्या मुंग्या

आमच्या घरात वीज आली ती गिरणीसाठी. उजेडाचं कोणाला पडलं नव्हतं. माझ्या मालकांचे पाय मिठागरात चिरलेले, भेगांत मीठ जाऊन जाऊन बोटं सडायला लागलेली. खाऱ्या पाण्यात उतरणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ओटीवर पिठाची गिरणी टाकली. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीकाठाला आमचं गाव. स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील.

गिरणी आणि आमची खोली यांच्यात पत्र्याची भिंत होती, लाकडी खांबांना ठोकलेली. गिरणीच्या बाजूनं तिच्यावर मेन स्विचचा लोखंडी डबा बसवला. कल्याणचा वायरमन आला, दोन दिवस खुडबुड करून गेला. घरामागं त्यानं काय केलं ते आम्हा बायकांना कोणी सांगितलं नाय, आम्ही विचारलं नाय.

माझी दोन पोरं गेलेली. थोरला दहा महिन्यांचा होऊन तापानं गेला, धाकटा बाराव्या दिवशी. तिसरी मुलगी. ती तेव्हा धरून उभी राहायला लागलेली. सासूचं मन सारखं धास्तावलेलं असायचं, माझंही.

एक दिवस सासू घरामागं अळू लावायला गेली आणि तिथून तिनं मला हाक मारली. "इकडं ये गो. आवाज नको करू."

तिनं हातभर खणलेलं. वर मीठ, खाली कोळसा, परत मीठ, परत कोळसा. मी आणखी खणलं, कमरेइतकं खोल गेले, तर तळाला तांब्याचा पत्रा उभा पुरलेला आणि त्याला जाडी तार. ती तार मातीतून वर येऊन भिंतीतून घरात गेलेली.

सासू खाली बसली. "दोन नेली. आता तिसरीवर करणी बसवलीय. बघ, तार घरातच सोडलीय."

मला खरंच वाटलं. मीठ आणि कोळसा कोण कशाला पुरेल? मी कोयत्यानं तार तोडली. पत्रा जुन्या लुगड्यात बांधला आणि अवसेला ओहोटीच्या वेळी आम्ही दोघींनी खाडीत टाकला. मागं वळून बघितलं नाय. खड्डा बुजवून वर अळू लावलं.

"हे घरात बोलायचं नाय," सासू बोलली. "उतारा बोलून दाखवला का उलटतो. पोरीवर उलटेल."

त्यानंतर काही दिवसांनी मी खोली सारवत होते. ओला हात भिंतीच्या पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पलीकडून कोणी बोटं फिरवावी तशा. मी हात काढला, परत लावला. परत तेच.

सासूनं हात लावून बघितला आणि तोंड फिरवलं. "खाडीनं घेतलं नाय ते." तिनं पत्र्यावर लिंबू आणि बिब्बा टांगला.

मालकांना मी एवढंच सांगितलं, की पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. ते पायात वहाणा घालून उभे होते, त्यांना हात लावून काही लागलं नाय. त्यांनी मेनचा दांडा खाली ओढला, डबा उघडला आणि आतला पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढून दाखवला. "ही बारीक तार बघ. काय वाकडं झालं तर ही आधी जळते. जळलीय का?"

"नाय."

"मंग तुझ्याच डोक्यात काहीतरी जळलंय."

कोरड्या दिवशी काही नसायचं. सारवलं की यायचं. आमचं कुत्रं त्या भिंतीला टेकून झोपायचं, ते आता अंगणात लांब जाऊन बसायला लागलं. सासू दिवेलागणीला त्या बाजूला बघायची नाय. मला मात्र दुसरंच वाटायला लागलेलं. धाकट्याचा पाळणा तिथंच टांगलेला होता. तो गेला तेव्हा त्याचं बोट माझ्या मुठीत असंच थरथरलेलं. मंग मी एक दिवसाआड सारवायला लागले. गिरणी चालू असली की कोणी ऐकत नाय, तेव्हा मी तळवा पत्र्यावर ठेवून बसायची. दुखायचं थोडं. तरी बसायची. हे मी कोणाला सांगितलं नाय.

एके दिवशी सकाळी आमची शेळी मेली. पत्र्याचं टोक ओटीबाहेर निघतं तिथं, त्याला नाक लावून, तोंडात घास तसाच. तिच्या खाली पाणी सांडलेलं होतं.

त्याच दिवशी पोर ओल्या जमिनीवरून रांगत पत्र्याकडं निघाली. मी तिला दंडाला धरून ओढली. मंग लुगड्याच्या पट्टीनं तिला बाजेच्या पायाला बांधली. ती रडून रडून निळी झाली. बोलले तर उतारा उलटणार, नाय बोलले तर ही आज ना उद्या तिथं पोचणार. दुपारपर्यंत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मंग गिरणीत गेले आणि दळणाला आलेल्या बायकांसमोरच मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून मेन बंद केला.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. घरामागं गेला आणि तुटकी तार हातात धरून उभा राहिला. "शेठ, अर्थिंग कुठं गेली?"

"खाडीत," मी बोलले.

"टाकली कोणी?"

सासू जमिनीकडं बघत होती. "मी," मी बोलले.

तो हसला, पण मंग शेळीचं कळल्यावर हसायचा थांबला. "वहिनी, मीठ-कोळसा आम्हीच घालतो, माती ओली राहावी म्हणून. डब्यात वायर घासून करंट पत्र्यात उतरला. ही तार असती तर तो जमिनीत गेला असता आणि फ्यूज लगेच उडाला असता. तुम्ही त्याची वाटच तोडली. मग तो तसाच बसून राहतो, कोणीतरी हात लावायची वाट बघत."

मालक गिरणीत जाऊन फ्यूज परत काढून बघायला लागले.

त्यानं वायर बदलली, नवा पत्रा पुरला आणि मेन चालू केला. पोरीला मी परत बांधून ठेवलेलं. तिला सोडायच्या आधी मी खोलीत गेले. जमीन ओली केली, हात ओला केला आणि तळवा पत्र्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. गिरणीची थरथर होती, बाकी काही नव्हतं.

सासू उंबऱ्यात उभी होती. "गेलं का गो?"

"गेलं."

"दोन्ही पोरं?"

मी तिच्याकडं बघितलं. तीही कधी हात लावून बसली होती का, ते मी विचारलं नाय. मी पट्टी सोडली. पोर तडक पत्र्याकडं गेली, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पत्रा बडवत बाजूबाजूनं चालायला लागली. आम्ही दोघी तिच्या हातांकडं बघत राहिलो.