समुद्राच्या तळाची झोप

आमचे हे, कियोहारू, चाळीस वर्षं जपानच्या त्सुरुगा बंदरातल्या घराच्या पुढच्या खोलीत कोम्बू तासत आले. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या त्या समुद्री शेवाळाच्या पट्टीचं एक टोक पायाखाली दाबायचं आणि सुरीनं इतका पातळ पापुद्रा काढायचा की त्यातून खिडकी दिसावी. प्रत्येक पट्टीचा तुकडा ते आधी जिभेवर ठेवायचे. तो थुंकायची आमच्याकडे रीत नाही.

गेली तीन वर्षं मात्र ते सुस्तावले. वजन वाढलं, चेहरा सुजला, मे महिन्यातही थंडी वाजायची. दुपारी आडवे झाले की असे घोरायचे की मी म्हणायची, "अहो, बंदरात बोट लागली वाटतं!"

उठून ते सांगायचे, "अगं, आज पुन्हा तळाशी होतो. उभं कोम्बूचं रान, हिरवा उजेड. श्वास घ्यावाच लागत नाही बघ."

मला ते ऐकायला गोड वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

वार्षिक तपासणीत थायरॉइड मंद निघालं. शेजारच्या मिचिएकाकू ठामपणे म्हणाल्या, "मग कोम्बूच द्या! त्यासारखं औषध नाही." कोम्बूवर जगणाऱ्या गल्लीत दुसरं कोण काय सांगणार? सकाळी मी त्यांना कोम्बू भिजवलेल्या पाण्याचा एक जग देत होते, तिथे दोन देऊ लागले. "संपवा हं," म्हणून पुढ्यात बसायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तासता तासताच त्यांचा डोळा लागला. घोरणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. छाती हलत होती, पण नाकातोंडातून हवा येईना. आता येईल, आता येईल, म्हणून मी बघत राहिले. एकदम आचका देऊन ते जागे झाले आणि सुरी पायात घुसली. पांढऱ्या पापुद्र्यांवर रक्त पसरलं.

टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं, मग खाण्याचं. जास्त आयोडीननं ग्रंथी मंदावते, त्यानं जीभ-घसा सुजतो, वर वजन. मग झोपेत श्वासाची वाट बंद होते, असं त्या म्हणाल्या.

"दोन जग? कुणी सांगितलं हे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मलाच आवडतं," म्हणाले.

घरी येऊन मी मोरीत उभी राहून रडले.

आता सकाळी गोळी, झोपताना तोंडावर हवेचा मुखवटा. ते तासतात, चाखते मी.

"खारट आहे का गं?"

"तुमच्यापेक्षा कमीच."

परवा दुपारी झोपून उठल्यावर त्यांनी मुखवटा काढला. मी भीतभीत विचारलं, "काय हो, तळ दिसला का?"

"दिसला. पण आज वर आलो."

"वर काय होतं?"

"तू होतीस. ओरडत होतीस, श्वास घ्या म्हणून."

मी ओरडले नव्हते. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी ओरडायला हवं होतं.