माईकवरचा हात

काही खासगी बोलायचं झालं की मामा आधी माईकवर तळहात ठेवायचे. समोर माईक नसला तरी ठेवायचे. चहाच्या टपरीवर असले तर हातातल्या कपावर तळवा आडवा धरायचे आणि मग हळूच म्हणायचे, "हे तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." वाफ लागून तळवा भाजला की हात झटकायचे, पण सवय काही गेली नाही.

तुमच्याही भागात असा एक निवेदक असेल. बैलगाडा शर्यतीत गाडामालकांची नावं पुकारणारा, लग्नात आजी-माजी पुढाऱ्यांपैकी एकाचंही नाव न विसरणारा, आणि दशक्रियेला नदीकाठी श्रद्धांजलीच्या भाषणांचा क्रम लावून देणारा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असा माणूस म्हणजे आमचे मामा. माझं शिरूरला स्पीकरचं दुकान आहे. त्यांचा माईक आणि माझा मिक्सर, अशी आमची कित्येक वर्षांची जोडी. ते राहायचे दौंडला, स्टेशनजवळ एका खोलीत. आवाज कुठं कमावला असं कुणी विचारलं की सांगायचे, "फलाटावर. गाडी किती का लेट असंना, सांगणाऱ्या बाईचा आवाज हलत न्हाई. ते ऐकून शिकलो."

आता एक गोष्ट सांगतो. तळहात ठेवून माईक बंद होत नाही, उलट आवाज घुमतो. मामांचा हात माईककडे निघाला की इकडे मी मिक्सरवर त्यांचा आवाज खाली ओढायचो. त्यांना वाटायचं की सगळी किमया त्यांच्या हाताची. मीही ते तसंच चालू दिलं. दर मोसमात लोकांच्या लग्नात घसा फोडून स्वतः एकट्या खोलीवर परतणाऱ्या माणसाचा तेवढा एक गैरसमज मोडावा, असं मला कधी वाटलं नाही.

मामांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. कधी कुणी परदेशी खेळाडू, कधी कपडे बेतणारा कुणी बडा कलाकार, आपलं प्रेम पुरुषावर आहे असं चारचौघांत जाहीर करायचा. बातमी मोबाईलवर यायची. मामा ती मला दाखवायचे, कपावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "यानं का सांगितलं असंल रं?" मला काय माहीत असणार? पण प्रत्येक बातमीला प्रश्न तोच.

एकदा आपल्याकडच्याच मालिकेतल्या एका नायकानं मुलाखतीत तसं सांगितलं. आमची टपरी दिवसभर दुसऱ्या विषयावर गेली नाही. चहावाल्याचं मत पडलं की त्याची मालिका बंद पडत आली असणार. कोरेगावच्या कंपनीतल्या सुपरवायझरनं शोध लावला की असं बोललं की बाहेरच्या देशात बक्षिसं देतात. सोसायटीचे आप्पा म्हणाले की पोट भरलेल्या लोकांना असलं काहीतरी सुचतं. ज्याला जन्मात भेटायचं नाही त्याच्या पोटातलं सगळं आमच्या लोकांना ठाऊक. मामा ऐकत होते. माणसं पांगल्यावर मला म्हणाले, "का बोलला ते सगळे इचारत्यात. इतकी वर्सं का गप बसला, ते कुणी इचारीना."

मला तेव्हा मांडवगण फराटा गावचे बापू माहीत होते.

बापू गाडामालक. घरी बायको, मुलगा, मुलगी, शेत. बैल मात्र असे ठेवलेले की बघत राहावं. मामा शर्यतीत कुणाच्याही बैलांचं तोंड भरून कौतुक करायचे. अगदी वाटेत बसलेल्या बैलालाही ते 'स्वाभिमानी' म्हणून मोकळे व्हायचे. बापूंची बारी आली की मात्र एवढंच: "गाडा बरा पळाला." बापू चिडायचे. स्टेजमागे येऊन भांडायचे, मग दोघं एका कपात चहा प्यायचे आणि भांडण तिथंच राहायचं. मी एकदा मामांना विचारलं की बापूंवरच एवढी कंजुषी का. त्यांचा हात माईककडे गेला, मी आवाज ओढला. ते म्हणाले, "त्याचा गाडा सुटला की माझा आवाज फाटतो. लोकांना कळंल."

मला ते त्याच दिवशी कळलं. कुणाला सांगावं असं वाटलं नाही, आणि मामांनीही तशी शपथ घातली नाही. बापू कामानिमित्त दौंडला यायचे तेव्हा मामांच्या खोलीवर जेवायचे. एवढं सुख त्या दोघांनी जपून जपून वर्षानुवर्षं पुरवलं.

बापू अचानक गेले. शेतात छातीत दुखायला लागलं आणि दौंडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यापासून मामांची खोली हाकेच्या अंतरावर होती. पण त्यांना कळवायचं कुणाला सुचणार? ते कोण लागत होते? अग्नी देऊन लोक घरी गेल्यावर मामांना फोन आला, आणि तोही कामाचा. दशक्रियेचं निवेदन तुम्हीच करायचं, बापूंना तुमचा आवाज आवडायचा, असं त्यांच्या भावानं सांगितलं.

दशक्रियेला भीमेकाठी माणूस मावत नव्हतं. मामांनी पांढरा सदरा घातला होता आणि दाढी केली नव्हती. त्यांनी एकेका पुढाऱ्याला बोलावलं, प्रत्येकाला वेळेत बसवलं, आवाज कुठंही हलू दिला नाही. शेवटी ठरलेलं वाक्य आलं. हे वाक्य तुम्ही-आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ते आपल्या कानात शिरतसुद्धा नाही. "त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, आई आणि दोन भाऊ असा परिवार आहे." मामा थांबले. माझं बोट आपोआप मिक्सरवर गेलं. पण त्यांचा हात माईककडे आला नाही. तो खाली, मांडीजवळ, मूठ वळून होता.

"आन् मी," मामा म्हणाले.

आवाज पार नदीपलीकडे गेला. एवढ्या वर्षांत निवेदन करताना ते पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलले होते. वाटलं, आता कुणीतरी उठेल, गलका होईल, माईक हिसकावून घेतील.

झालं भलतंच. लोकांनी डोळ्याला रुमाल लावले. आप्पा मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, दोस्ती करावी तर अशी. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता, तो तालुकाभर फिरला, खाली हात जोडल्याच्या खुणा. आणि पुढच्या यात्रेत कमिटीनं मामांचा सत्कार ठेवला. आदर्श मैत्रीबद्दल, फेटा बांधून.

मला हसू आलं होतं, आणि त्या हसण्याची नंतर फार चीड आली. सत्काराआधी मामा म्हणाले, "आज नीट सांगतो. कुणाला शंका ऱ्हायला नको." मी त्यांना अडवलं नाही. मनातून वाटत होतं की सांगावं एकदा, काय व्हायचं ते होऊ दे.

शाल द्यायला कमिटीनं बापूंच्या बायकोलाच बोलावलं होतं. मामांनी माईक हातात घेतला होता. वहिनींनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, नीट केली, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मला समदं ठाव हाय. आता हितंच थांबवा. पोरीचं लगीन जमवायचंय."

मी स्टेजच्या कडेलाच मिक्सरपाशी होतो, म्हणून ऐकलं. एवढ्या गर्दीत मामांचं म्हणणं बरोबर ऐकणारं एकच माणूस निघालं, आणि त्या माणसानं हात जोडले. तिला काय दोष द्यायचा? तिचं तरी कुणी काय ऐकलं होतं? मामांनी माईकवर तळहात ठेवला. मी आवाज ओढला. लोक टाळ्या वाजवत राहिले.

त्यानंतर मामांनी माईक धरला नाही. बोलवायला येणाऱ्यांना घसा बसलाय म्हणून सांगायचे. बापूंच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा निवेदनाला दुसरा माणूस होता. मामा माझ्या जनरेटरच्या मागे उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले.

शेवटचं भेटलो ते दौंडला, स्टेशनसमोर. मोबाईलवर परत कुणा नटाची तसलीच बातमी होती आणि शेजारच्या बाकड्यावर तीच चर्चा चालली होती, नवा सिनेमा येत असणार. मामांनी चहा घेतला. कपावर हात ठेवला नाही.

"शिणुमा न्हाई," मला म्हणाले. "त्याचं कुणीतरी मेलं असंल." मग बराच वेळ गाडीची घोषणा ऐकत बसले. "त्यानं सांगितलं तर अख्खा देश इचारतोय, का सांगितलं. मी सांगितलं तर मला शाल दिली."

खोलीचं दार दोन दिवस उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी मामांच्या भावाला बोलावलं. झोपेतच गेले होते.

दशक्रियेला स्पीकर माझाच होता, पैसे मी घेतले नाहीत. माणसं थोडीच होती. नव्या निवेदकानं चांगलं केलं, मामांचीच ढब उचललेली. शेवटी त्यानं वाचलं, "ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात एक भाऊ, भावजय आणि पुतणे असा परिवार आहे."

तो थांबला. मी आवाज वर नेऊन ठेवला होता, पार वर. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. "आन् मी" असं मी म्हणू शकलो असतो, पण ते शब्द माझे नव्हते. ज्यानं म्हणायचं, तो आधीच गेला होता. निवेदकानं माईक खाली ठेवला, लोक चपला शोधायला लागले, आणि नदीवरचा वारा त्या चालू माईकमधून नुसता घुमत राहिला.