समुद्र उजव्या हाताला

कवळीवाले काका गेले तेव्हा त्यांच्या हाताला लागलेलं साच्याचं प्लास्टर अजून ओलं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी मला फोनवर एवढंच सांगितलं. मी म्हणालो, "बरं."

काका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायचे. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक दिवा, गॅसची छोटी ज्योत, आणि फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे प्लास्टरचे जबडे. सगळ्या गावाचं हसू मी बनवतो, असं ते म्हणायचे. स्वतः क्वचित हसायचे. रविवारीही कामावर जायचे.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. साहित्यात एम.ए. झालो होतो आणि कुठेच शिकवत नव्हतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. "मास्तर, तुझ्या कवितेचे दात पडलेत. कवळी बसवून देऊ का?"

मागच्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण डावीकडचं जग गेलं. डोळे ठीक होते. डोक्यालाच डावी बाजू कळेनाशी झाली. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायच्या आणि म्हणायच्या, "आज कमी वाढलंत." काका ताट फिरवून ठेवायचे. काकू पुन्हा जेवायला लागायच्या.

रुग्णालयात असताना त्यांनी एकदाच काही मागितलं होतं. "बरी झाले तर समुद्र दाखवा हो." समुद्र बसने तासाभरावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं मिळून तिकडे कधी गेलेच नव्हते.

काकांनी ते मनावर घेतलं. चौकशी करून त्यांनी कड्यावरची एक पायवाट शोधली. अर्धी वाट समुद्राच्या कडेने, अर्धी झाडीतून, आणि फिरून पुन्हा जिथून निघालो तिथेच. सुरुवातीच्या फलकावर 'मध्यम' असं लिहिलेलं. "म्हणजे आपल्यासारखी," काका म्हणाले.

त्यांना गोल वाटच हवी होती. आलो त्याच वाटेने परतलं तर समुद्र डावीकडे जाणार, म्हणजे काकूंसाठी नाहीसाच होणार. पण लोक ज्या बाजूने निघतात, तिकडून तो पहिल्यापासून डावीकडेच राहतो. उलट बाजूने निघालं तरच उजवीकडे. फक्त तिकडे सुरुवातीलाच उभ्या पायऱ्यांचा चढ आहे.

मग काकांनी रविवारच्या सुट्ट्या घेतल्या आणि ती वाट उलटी चालून पाहिली. एकदा मीही बरोबर होतो. चढावरच्या प्रत्येक बाकावर ते बसायचे. "तिला उंची बरोबर पडेल का, ते बघतोय," म्हणायचे. चढावर बाकं बरीच होती.

एका संध्याकाळी त्यांनी कामावरून कवळीचं गुलाबी मेण आणलं आणि जेवणाच्या टेबलावर डोंगर उभा केला. वाट नखाने कोरली. जिथे बाक, तिथे एकेक दात रोवला. मग काकूंचं बोट धरून त्या वाटेवरून फिरवायला लागले.

"इथे दम खायचा. इथे पाणी प्यायचं. आणि ही दाढ आहे ना, इथून सगळा समुद्र."

"अगंबाई, कुणाची दाढ आहे ही?" काकूंनी बोट मागे घेतलं.

"कुणाची नाही गं. कोरी आहे."

काकू खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठे चालणार?"

"मी? तुझ्या डावीकडे. उजवीकडे समुद्र."

"म्हणजे तुम्ही मला दिसणारच नाही."

काका थांबले. एवढं सगळं आखताना त्यांनी स्वतःला कुठेच ठेवलं नव्हतं.

"मागून चालेन," ते म्हणाले.

"मागे डोळे आहेत का मला? सगळे जातात त्याच बाजूने जाऊ. समुद्र राहू दे तिकडे. तुम्ही उजवीकडून चला."

"अगं, समुद्र बघायला चाललोय की माझं थोबाड?"

"ते तरी कुठे धड बघायला मिळालंय? रविवारीसुद्धा लोकांच्या जबड्यात घातलेलं!"

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, सांग रे हिला काहीतरी."

मी हसून वेळ मारून नेली. काका म्हणाले, "बघू. तिथे गेल्यावर ठरवू." पुढचा रविवार ठरला होता.

गुरुवारी ते गेले.

नातेवाईक आले, राहिले, निघून गेले. घर शांत झालं. मग एकदा काकूंनी खालून हाक मारली. "मास्तर, रविवारी मोकळा आहेस ना? नसायला काय झालंय म्हणा."

आम्ही पहिल्या बसने गेलो. फलकाजवळ दोन वाटा फुटत होत्या. उजवीकडे पायऱ्या होत्या, डावीकडे सपाट रस्ता. बसमध्ये मी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते बोललो. "काकू, पायऱ्यांनी गेलो तर समुद्र दिसेल. काकांच्या मनात तेच होतं."

"माहीत आहे."

त्या काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. पायऱ्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चढाला घाबरल्या असतील. म्हटलं, मी धरतो.

"तसं नाही रे," त्या म्हणाल्या. "समुद्र त्यांच्यासोबत बघायचा होता." आणि सपाट रस्त्याला लागल्या.

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो, हात पुढे केला.

"तिथे नको," काकू म्हणाल्या. "तू मागून ये."

मी मागे झालो. पुढे वाट कड्यावर आली. डावीकडे कमरेएवढा कठडा होता, त्याच्या पलीकडे समुद्र. ऊन पडलं होतं. पाणी लांबपर्यंत चमकत होतं. काकू मान उजवीकडे वळवून चालत होत्या. तिकडे वाळकं गवत होतं, दगड होते, आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरती वाट मोकळी होती. त्या हळू चालत होत्या. इतक्या हळू, की मला अधूनमधून थांबावं लागत होतं.

समोरून एक बाई आली. आमच्याजवळ येऊन थांबली, दम घेतला, समुद्राकडे हात केला.

"किती छान दिसतंय ना आज?"

"हो," काकू म्हणाल्या. मान त्यांनी वळवली नाही. "फार छान."