भात खाण्याची भीती

कृपा झाली, हे मी मान्य करते. पण ती आली तेव्हा उशीर झाला होता आणि त्या उशिरात माझा मोठा वाटा होता.

माझे यजमान अचलपूरच्या कोर्टात वकील. साठीनंतर त्यांचं जेवण तुटत गेलं. चार घास पोटात गेले की अर्ध्या तासात बेंबीभोवती कळ उठायची आणि ते पोट धरून वाकून बसायचे. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी आहे, थोडं मनाचंही असेल. मी त्यातलं ‘मनाचं’ तेवढं उचललं. कपडे अंगावर लोंबायला लागले तरी मी त्यांना ‘नाटकं करता’ म्हणायचे आणि देवापुढे बसून त्यांच्याचसाठी मागायचे.

मोझरीच्या आश्रमात दर्शनाला गेलो, तिथे पंगतीत त्यांनी प्रसादाला हात लावला नाही. मी सगळ्यांदेखत बोलले, “देवाच्या अन्नालेही नाही म्हणता?” त्यांनी मुकाट्याने भात खाल्ला. थोड्याच वेळात ते भिंतीला टेकून घामाघूम झाले.

वाढणाऱ्यांतली एक बाई धावत आली. अकोल्याची, निवृत्त नर्स. तिने पोट दाबून पाहिलं.

“पोट तं मऊ आहे, अन् दुखणं एवढं! दादा, जेवल्यावरच दुखते का?”

ते रडायला लागले. “हो माय. भूक लागते मले. पण जेवाची भीती वाटते.”

भूक लागते का, हे इतक्या महिन्यांत मी विचारलंच नव्हतं.

“ताई, हे मनाचं नाही. आतड्याले रक्त कमी पोचत असंल. आजच अमरावतीले न्या, रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी करा म्हणा.”

अमरावतीत तेच निघालं. आतड्याची मुख्य धमनी जवळजवळ बंद होती. स्टेंट टाकला, पण आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. हे वाचले. कोर्ट मात्र कायमचं सुटलं. आता दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खातात.

त्या बाईला देवानेच पाठवलं, असं मी मानते. मग आधी का नाही पाठवलं, हेही त्याला विचारते. आधी तर मीच घरात होते, पाहायला.

एकदा मी यांची माफी मागितली. “राहू दे आता,” म्हणाले आणि कूस बदलली. माफ केलं, असं म्हणाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. जेवढं दिलं तेवढं घ्यायचं, आणखी मागायचं नाही. शरण जाणं म्हणतात ते हेच असेल, तर मी ते आता शिकते आहे.