एक पळी रस्सा

२००६ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ गावात एका जपानी माणसाने माझ्यासमोर पळी उभी धरली आणि म्हणाला, "नाइन."

नाही म्हणायची त्याची ती पद्धतच होती. हवालदार दंडुका धरतो तशी पळी छातीशी धरायची आणि समोरचा खाली बघेपर्यंत त्याच्याकडे बघायचं. वय माझ्याएवढंच असेल. कपाळाला पांढरं फडकं, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पण इचलकरंजीत एकेचाळीस वर्षं मिसळीचं हॉटेल चालवलंय, तेव्हा रश्श्यातलं मला कोणी शिकवायचं नाही. त्या वर्षी तीन महिने मुलाकडे राहायला गेलो होतो. मुलगा तिथे मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. दर शनिवारी तो नातीला पोहायला न्यायचा आणि तेवढ्या वेळात सूनबाई मला या माणसाच्या दुकानात घेऊन जायची. रामेन म्हणतात त्या पदार्थाला. भल्यामोठ्या वाडग्यात कोंबडीच्या हाडांचा रस्सा, त्यात लांबच लांब शेवया, वर अर्धं अंडं आणि कांद्याची पात. त्यासाठी थंडीत पंचवीस-तीस माणसं बाहेर रांगेत. रांग बघून मला बरं वाटलं. धंदा कळणारा माणूस आहे म्हटलं.

घरी सूनबाई मला सारखी म्हणायची, "अहो बाबा, भुरका जरा हळू. इथे वाईट दिसतं." आणि इथे बघावं तर सगळं दुकान भुरके मारतंय! कोट-टायवालेसुद्धा. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती म्हणाली, "इथे चालतं, बाबा." मग मी असा भुरका मारला की त्या जपान्याने मान वळवून बघितलं आणि म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. त्याचे दोनच शब्द होते, एक नाइन आणि एक गेनाऊ. एवढ्यावर त्याचं दुकान चालायचं.

पण मी मिसळीचा माणूस. आधी रस्सा ओरपून टाकला, शेवया तळाला ठेवल्या आणि वाडगा पुढे केला. "वाढा."

तेव्हाची ती पळी.

सूनबाई म्हणाली, "बाबा, शेवया हव्या तर आणखी मिळतील, पैसे देऊन. रस्सा नाही मिळणार."

"उलटं आहे हे. पैसे शेवयांचे घ्यावेत, रस्सा मागेल तितका वाढावा. सांग त्याला, मीही हॉटेलवाला आहे. एकेचाळीस वर्षं फुकट वाढलाय."

तिने सांगितलं. त्याने हातातलं काम थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंसं काहीतरी बोलला. सूनबाई आपल्या वाडग्यातल्या शेवया ढवळायला लागली.

"काय म्हणाला?"

"काही नाही, बाबा. कौतुक केलं तुमचं."

"कौतुक करणाऱ्याचं तोंड असं असतं होय? नीट सांग."

"ते म्हणतात, मग पाणी घालत असाल."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. सकाळी अकराची गर्दी उसळली की आम्ही रश्श्याच्या पातेल्यात आधणाचे दोन तांबे ओतायचो, वर मूठभर चटणी आणि तेलाचा तवंग. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. बायकोला माहीत होतं, ती गेली. मुलाला माहीत नव्हतं. सगळ्या घराला मी सांगत आलो होतो की आमच्या रश्श्यात लबाडी नाही. आणि हा परका माणूस, माझा रस्सा न चाखता, सुनेसमोर माझी अब्रू काढतोय!

"एक थेंब नाही! सांग त्याला!" मी असा ओरडलो की शेजारच्या जर्मनाच्या काड्यांतली शेवई परत वाडग्यात पडली.

त्याने ऐकून घेतलं. "गेनाऊ," म्हणाला. पण ज्या तोंडाने म्हणाला, ते मला आवडलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, याच्याकडून दुसरी पळी घेतल्याशिवाय गावी जायचं नाही. बारा शनिवार गेलो. मुलगा हसायचा. मी दर वेळी वाडगा पुढे करायचो, तो पळी उभी धरायचा, रांगेतले लोक मजा बघायचे. तशी आमची ओळखच झाली म्हणा. कोणी काड्यांऐवजी काटा मागितला तर तो द्यायचा, पण अशा चेहऱ्याने की जणू घरात कोणी गेलंय. चव कशी होती हे त्याने कोणाला विचारलं नाही. परत आलेल्या वाडग्याचा तळ मात्र प्रत्येक वेळी बघायचा. मीही गल्ल्यावर बसून ताटल्याच बघायचो.

शेवटच्या शनिवारी सूनबाईने त्याला सांगितलं, बाबा उद्या परत जाणार. मी वाडगा पुढे केला. त्याने पळी उचलली, थोडी थांबवली. "नाइन." आणि माझ्या वाडग्यात अर्धं अंडं जास्तीचं ठेवून दुसरीकडे निघून गेला.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. पोचलो त्याच शनिवारी दुकानात. रांग तशीच, पण चुलीपाशी एक तिशीतला हसतमुख माणूस. सूनबाईने चौकशी केली. म्हातारा गुडघ्यांनी बेजार झाला, जपानला लेकीकडे गेला. पत्ता कोणाकडे नव्हता.

माझा वाडगा रिकामा होताच त्या हसतमुख माणसाने, मी न मागता, पळीभर रस्सा ओतला.

"मिळाला की हो बाबा शेवटी!" सूनबाई म्हणाली.

मी घोट घेतला. दुसरा घेतला. वाडगा खाली ठेवला.

"पाणी घातलंय यात."

"काहीतरीच. तुम्हाला कसं कळलं?"

मी पातीचा तुकडा काडीने इकडून तिकडे ढकलला. मग म्हटलं, "एकेचाळीस वर्षं ओतलंय मी. मला नाही कळणार?"

सूनबाई बघतच राहिली. मग तोंडावर रुमाल धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो, पण उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी इचलकरंजीला फोन लावला. हॉटेल आता पुतण्या बघतो. तिकडे ऐन गर्दीची वेळ.

"काका, नंतर बोलू का? गिऱ्हाईक उभं आहे."

"रश्श्यात आधण ओतलंस?"

"ओततोच आहे. तुम्हीच तर शिकवलंय."

"तांब्या खाली ठेव."

"अहो काका, मग रस्सा तासाभरात संपेल!"

"संपला की दार लाव," म्हटलं आणि फोन ठेवला.